गुळव्याचा हात

माणसं माझ्या लक्षात राहत नाहीत, त्यांच्या छातीचे फोटो राहतात. बाजारात कुणी समोर येऊन "म्याडम, वळखलं का?" म्हटलं की मी हसून वेळ मारून नेते. पण त्याच माणसाचा पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे उजेडाला धरा, उजव्या बाजूला वरती डाग होता की नव्हता हे मी लगेच सांगते. इस्लामपुरात माझा छातीच्या आजारांचा दवाखाना आहे. छातीच्या डॉक्टरला ही सवय शोभते असं मला बरीच वर्षं वाटत होतं, आणि नवऱ्याने त्यावरून टोमणा मारला की मी त्यालाच उडवून लावायची.

मला रागही पटकन येतो. खिशात बिडीचं बंडल ठेवून दम्याची तक्रार सांगणाऱ्याला मी पहिल्या भेटीतच झाडते. तो पुढच्या महिन्यात परत येतो आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतो, कारण आमच्या भागात रागावणाऱ्या डॉक्टरला जास्त कळतं असा समज आहे. मी तो समज कधी दूर केला नाही. धंद्याला बरा पडतो.

ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो माणूस गुळव्या होता. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत दोन-तीन तास उकळत असतो. गूळ नेमका कधी झाला, काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर ढेप बसत नाही, थोडा उशीर झाला तर गूळ करपून काळा पडतो. मालकाचा वीस एकर ऊस असला तरी त्या घडीला मालकाने तोंड मिटून उभं राहायचं असतं. हा गुळव्या वाळवा तालुक्यातल्याच एका गावचा, पन्नाशीचा, तीस वर्षं हेच काम केलेला. दिवाळीनंतर, गुऱ्हाळं पेटून महिना-दीड महिना झाला असताना, तो बायकोबरोबर माझ्याकडे आला.

तो खोकत होता आणि ती बोलत होती. "सकाळच्याला काय न्हाई म्याडम. सांज झाली की अंगात कणकण, दम, आन खोकला. रातभर बसून काढत्यात." आधी दोन डॉक्टर झाले होते. एकाने दमा म्हणून तोंडात मारायचा पंप दिला होता, दुसऱ्याने दोनदा थुंकी तपासली होती आणि टीबी नाही असं लिहून दिलं होतं. लिहून दिलं तरी गावाने ते मानलं नव्हतं. गुऱ्हाळावर चहा आला की याचा कप वेगळा ठेवू लागले होते, आणि त्याला खोकल्यापेक्षा तेच जास्त झोंबलं होतं.

मी त्याला पाठीवरून तपासलं. दोन्ही बाजूंना खाली बारीक चरचर ऐकू येत होती. दमा असला की शिट्टी वाजते, अशी चरचर नसते. मग मी विचारलं, अमावास्येला कसं वाटतं? आमच्याकडे बरीच गुऱ्हाळं अमावास्येला बंद असतात. बायको म्हणाली, "त्या दिशी बरं असतंय. दुसऱ्या दिशी सकाळी बी बरं. कामावर ग्येलं की सांजच्याला परत त्येच." मी पुढे सरकून बसले. चुलवाणात काय जाळता? चिपाड. या वर्षीचं की गेल्या वर्षीचं? "गेल्या सालचं. नवं वाळाया येळ लागतोय न्हवं?"

चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. हंगाम सुरू होताना नवं चिपाड ओलं असतं, म्हणून गेल्या वर्षीची गंजी फोडतात. ती गंजी अख्खा पावसाळा गळक्या पत्र्याखाली भिजून, कुजून, आतून पांढऱ्या बुरशीने भरलेली असते. त्यात या वर्षी जाळ घालणारा गडी आला नव्हता, तर गुळव्या स्वतःच गंजी उपसून चुलवाणात घालत होता. त्या बुरशीची धूळ छातीत जाऊन काही माणसांच्या फुफ्फुसांना सूज येते. पुस्तकात या आजाराला स्वतंत्र नाव आहे. ते नाव मी परीक्षेत एकदा लिहिलं होतं, त्यानंतर कधी वापरायची वेळ आली नव्हती. उसाच्या पट्ट्यात इतकी वर्षं काढून मला एकही असा रोगी भेटला नव्हता, किंवा भेटले असतील आणि मी त्यांना दमा म्हणून पंप दिला असेल.

कराडहून सीटी स्कॅन करून आणायला सांगितलं. तो आला तेव्हा मी फिल्म खिडकीशी धरली आणि हवं होतं तेच दिसलं, दोन्ही फुफ्फुसांवर पसरलेला पुसट धुरकटपणा आणि त्यात बारीक ठिपके. मला आनंद झाला. समोर दम लागलेला माणूस बसलेला असताना आनंद झाला हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. मी त्याला आजार समजावून सांगितला, टीबी नाही असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं, जुनी गंजी हलवायला लावली आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. आधी जास्त, मग हळूहळू कमी करत दोन-अडीच महिन्यांत बंद, असा हिशोब.

तीन आठवड्यांत त्याचा ताप गेला, दम गेला. बायको काकवीची बाटली घेऊन आली. कप वेगळा ठेवणं बंद झालं म्हणाली, माझी चिठ्ठी त्यांनी गुऱ्हाळावर सगळ्यांना वाचून दाखवली होती.

यानंतर मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण सांगलीला आम्हा डॉक्टरांची बैठक असते, तिथे वेगळ्या केसेस मांडतात, आणि एवढी सुंदर केस हातात असताना गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. बाजूला हलवलेल्या जुन्या गंजीचा आणि चुलवाणाचा फोटो हवा म्हणून एका रविवारी मी त्याच्या गुऱ्हाळावर गेले. तिथे पाहते तो दहा-बारा माणसं नुसती बघायला उभी, निम्म्यांच्या हातात मोबाइल. एक जण म्हणाला, "म्याडम, बरोबर टायमाला आलाय. आता हात घालत्यात बघा."

गुळव्या गूळ झाला की नाही हे बघायला पाकाची गोळी करतो. हात गार पाण्यात बुडवायचा, ढवळायच्या लाकडी फावड्याला लागलेला उकळता पाक बोटांनी झटकन काढायचा आणि परत पाण्यात घालून गोळी वळायची. जाणकार गुळव्यांचं हे काम इतकं चटकन होतं की डोळ्याला दिसत नाही. हा मात्र सावकाश करायचा. पाक बोटांवर घ्यायचा, सगळ्यांना दिसेल असा धरायचा, मग पाण्यात घालायचा. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. लोक "आयला!" म्हणत होते. त्याच्या हाताचे व्हिडिओ पार माधवनगरच्या गूळ व्यापाऱ्यांपर्यंत गेले होते, आणि त्या हातासाठी मालकाने त्याला दुसऱ्या गुऱ्हाळावर जाऊ दिलं नव्हतं. मालक मला म्हणाले, "असा हात तालुक्यात न्हाई." मीही पाच-सहा फोटो काढले. एक फारच चांगला आला होता, वाफेत तळहात आणि बोटांवर सोनेरी पाक.

सांगलीच्या बैठकीत शेवटी मी तोच फोटो लावला. आधी सीटी स्कॅन, मग गंजी, मग बरा झाल्यावरचा एक्स-रे, आणि शेवटी हा हात. माणूस कामावर परत गेला हे दाखवायला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत एक वयस्कर सर बसले होते. मी शिकत असताना ते आम्हाला त्वचारोग शिकवायचे. आता निवृत्त झालेत, आणि बैठकीला जेवण चांगलं असतं म्हणून येतात, असं ते स्वतःच सांगतात.

"केस छान आहे," ते म्हणाले. "तो हाताचा फोटो परत लाव."

मी लावला.

"याला चटका बसत नाही?"

"तीस वर्षांची सवय आहे, सर."

"सवयीनं कातडं जाड होतं. चटका बसायचा थांबत नाही. आमची ही चाळीस वर्षं भाकरी करायची. चाळीस वर्षं चटका बसायचा आणि चाळीस वर्षं ती मला शिव्या द्यायची." लोक हसले. सर हसले नाहीत. "करंगळी बघ. शेजारचं बोट बघ. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांस असतं ते कुठं गेलं?"

मी पडद्याकडे वळले. फोटो भिंतभर मोठा दिसत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पेरात वाकलेली होती, आणि अंगठ्याशेजारी मांसाच्या जागी खळगा होता. पाकामुळे मला ते आजवर दिसलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं, पण फोटोत पाक फक्त बोटांच्या टोकांना होता. कुष्ठरोग असणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला एकदमच कळलं. मला सरांचा राग आला. सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती, बाजूला घेऊन सांगता आलं असतं, असं मनात आलं. जेवण न करताच मी निघाले.

इस्लामपूरला पोचेपर्यंत राग उतरला होता आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं होतं. प्रत्येक भेटीत मी त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं होतं. दर वेळी आकडा वाचला होता, बोट पाहिलं नव्हतं. आणि दोन आठवड्यांपूर्वी, गोळ्या बंद झाल्यावर, तो म्हणाला होता, "म्याडम, कोपरात लय कळ मारतीय." मी म्हणाले होते, रस ढवळून ढवळून दुखत असेल, आणि चोळायला मलम दिलं होतं. घरी पोचल्या पोचल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "तुझ्या स्टेरॉइडनं त्याच्या शिरेची सूज दबून राहिली असणार. गोळ्या थांबल्या तशी ती परत उठली. उद्याच्या उद्या बोलव."

दुसऱ्या दिवशी तो दुपारची काहील दुसऱ्यावर सोपवून आला, म्हणून कुरकुरत होता. या वेळी मी छातीला हातच लावला नाही. शर्ट काढायला सांगितला. डाव्या खांद्याच्या पात्यावर तळहाताएवढा फिकट चट्टा होता. मला तो चट्टा आठवत होता. पहिल्या दिवशी त्याच चट्ट्यावर स्टेथोस्कोप ठेवून मी श्वास ऐकला होता आणि शिबं आलं असेल असं धरून पुढे गेले होते. घामात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर शिबं असतंच, त्यात बघायचं काय? मग उजवं कोपर चाचपलं. आतल्या बाजूने जाणारी शीर सुतळीएवढी जाड लागत होती. दाबल्यावर तो कळवळला.

"डोळे मिटा," मी म्हणाले. "मी पेनचं टोक टेकवीन. टेकलं की हाय म्हणायचं."

तो डोळे मिटून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "चालू करा की."

तोवर माझं तळहातावर सहा ठिकाणी पेन टेकवून झालं होतं. अंगठ्याच्या मुळाशी टेकवल्यावर मात्र तो "हाय" म्हणाला. बाकी हाताला काहीच कळत नव्हतं.

"हे कधीपासून?"

त्याने बायकोकडे पाहिलं. उत्तर तिने दिलं. "दोन दिवाळ्या झाल्या. रेशनला अंगठा सोडून कंचं बी बोट उठत न्हाई. फोड आलेलं ह्यांना ठावंच नसतंय, मी दावते तवा कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"पयल्यांदा भ्या वाटलं," तो म्हणाला. "मग लोकं बघाया याया लागली. म्हनलं, असंल द्येवाची देन. वा वा करत्यात ते काय वंगाळ हाय का?"

आजाराचं नाव मी सरळ सांगितलं. त्याने गावातला जुना शब्द उच्चारला, महारोग, आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मी सांगितलं की बरा होणारा आजार आहे, औषध फुकट मिळतं, सुरू केल्यावर दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही, एका ताटात जेवलं तरी चालतं. हे सगळं खरं आहे आणि ते मी पाठ केल्यासारखं भराभर बोलले. मग जे बोलायचं टाळत होते तेही बोलले, "हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मी चुकले."

"तुमी छातीच्या डाक्टर हाय," तो म्हणाला. इतक्या सहज सोडून दिलेलं मला सहन झालं नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचं माझ्या चुकीकडे लक्षच नव्हतं. त्याने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला होता. "हात ऱ्हाईल का म्याडम, तेवढं सांगा. हात गेला तर गुळव्या म्हनून कोन इचारनार?"

बोटं हलवायची ताकद बरीचशी राहील, मी म्हणाले. जाणीव परत येईल की नाही ते सहा महिन्यांनी कळेल. नव्या सुजेने गेलेली जाणीव परत येऊ शकते, जुनी सहसा येत नाही. त्याच्या हातातली किती जुनी आणि किती या दोन-तीन महिन्यांतली, हे मी सरांना नंतर खोदून खोदून विचारलं. सर म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही. तुलाही नाही." ठरवता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, उत्तर माझ्या विरुद्ध गेलं असतं तरी.

औषधाची नोंद इस्लामपुरातच केली. गावात नको म्हणाला, कारण तिथली आशाताई त्याच्या भावकीतली, आणि भावकीत बातमी जायला फोनही लागत नाही. स्टेरॉइड पुन्हा सुरू झालं, या वेळी शिरेसाठी. बायकोला तपासलं, तिला काही नव्हतं. तपासणी संपल्यावर तिने पदर सारखा करत विचारलं, "आता ह्यांच्या हातात गरम चा द्याचा न्हाई, व्हय ना? मी दोन वर्सं देतच न्हाई."

सगळ्यात अवघड गोष्ट पाकाची होती. उकळत्या पाकात पुन्हा हात घालायचा नाही, असं मी बजावलं. आणखी दोन-चार भाजल्या जखमा चिघळल्या असत्या तर बोटंच गळायची वेळ आली असती. पण ज्या हातासाठी लोक येतात तो हात अचानक थांबला तर चार तोंडं चार प्रश्न विचारणार. यावर तोडगा त्यानेच काढला. माझी ती मोठ्या अक्षरातली चिठ्ठी होती ना, टीबी नाही, चिपाडाच्या बुरशीने छातीला सूज, तीच त्याने परत सगळ्यांना दाखवली. छातीसाठी डॉक्टरांनी हाताने गोळी करायची मनाई केली आहे, वाफ थेट छातीत जाते. तो आता लांब दांड्याच्या पळीने पाक काढून पाण्यात सोडू लागला.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. "म्याडम, छातीचा आन हाताचा काय संबंध?"

"आहे," मी म्हणाले.

"न्हाई, म्हंजी आमचा गडी म्हनत हुता..."

"गडी डॉक्टर आहे का?"

मालकांनी फोन ठेवला. एरवी मी खोटं बोलायला अडखळते. त्या दिवशी अजिबात अडखळले नाही, आणि माझ्या रागीटपणाचा पहिल्यांदाच कुणाला खराखुरा उपयोग झाला. औषधाने त्याचं अंग काळवंडलं तेव्हाही गावाने ते छातीच्या गोळ्यांवर ढकललं. हात न घालणाऱ्या गुळव्याला बघायला मात्र कुणी येईनासं झालं. गूळ पूर्वीसारखाच होत होता. याचं त्याला समाधान असावं, पण एकदा म्हणाला, "मोबाइलवाली आता दुसऱ्या गुऱ्हाळावर जात्यात."

दर महिन्याला तो यायचा. छाती दोन मिनिटांत तपासून व्हायची, ती आता साफ होती. मग मी पेन काढायची. सरांकडे पाठवता आलं असतं, एकदा दोनदा पाठवलंही, पण हा हात मलाच तपासायचा होता. सरांनी सांगितलं होतं की रोग्याने डोळे मिटून, जिथे टेकलं तिथे बोट ठेवून दाखवायचं. मी ते टाळत होते. बाहेर बाक भरलेला असायचा, बोट ठेवून दाखवण्यात वेळ जातो, "हाय" म्हणण्यात जात नाही.

पहिल्या दोन महिन्यांत काही फरक नव्हता. अंगठ्याची पकड तेवढी सुधारली, शर्टाची बटणं तो स्वतः लावू लागला. तिसऱ्या महिन्यात तर मी मधल्या बोटावर तीन-तीनदा पेन टेकवलं. तो गप्पच होता. पण चौथ्या महिन्यात मधल्या बोटाला टेकवल्यावर तो "हाय" म्हणाला. मी परत टेकवलं. "हाय." तळहाताच्या मध्यभागी, "हाय." मी कार्डावर खुणा केल्या आणि संध्याकाळी सरांना फोन केला. "बघ, मी म्हटलं नव्हतं कुणालाच सांगता येत नाही?" सर म्हणाले. त्या दिवशी मी घरी गोडाचं केलं. नवऱ्याने कारण विचारलं तर एका पेशंटचं मधलं बोट म्हणाले, आणि तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पाचव्या महिन्यात करंगळीच्या शेजारच्या बोटानेही "हाय" म्हटलं. माझा विश्वास बसत नव्हता, आणि बसतही होता.

सहाव्या महिन्यात तो आला तेव्हा स्टेरॉइड संपत आलं होतं. मी डोळे मिटायला सांगितले आणि करंगळीपासून सुरुवात केली. "हाय." शेजारचं बोट. "हाय." मधलं. "हाय." आवाज अगदी एका लयीत येत होता. पुढच्या जागी टोक टेकवणार, तेवढ्यात बाहेर कुणीतरी जोरात खोकलं आणि माझा हात थांबला. पेन त्याच्या तळहातापासून चार बोटं वर होतं.

"हाय," तो म्हणाला.

मी हलले नाही. पेन तसंच हवेत धरून ठेवलं.

"हाय," तो पुन्हा म्हणाला.

"डोळे उघडा."

त्याने उघडले. पेन कुठे आहे ते त्याला दिसलं. तो ओशाळला, हात मागे घेऊ लागला, मग घेतला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन बारी झाल्या."

"का पण? खोटं सांगून तुमचा काय फायदा?"

"माजा काय न्हाई," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या बारीला मी गप ऱ्हायलो तवा तुमचं तोंड लय उतरलं हुतं. म्हनलं, म्याडम रोज मानसं बरी करत्यात. ह्या एका हातापायी त्यांच्या जिवाला घोर कशाला?"

मी कार्ड पुढे ओढलं आणि मागच्या दोन महिन्यांच्या खुणा खोडायला घेतल्या. दोन खोडल्या आणि तिसरी मला नीट दिसेना. पेशंटसमोर मी आजवर कधी रडले नव्हते, एवढ्या वर्षांत नाही, माणूस समोर गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी रडले. तो उठला, बाहेर गेला आणि कंपाउंडरकडून माझ्यासाठी पाण्याचा ग्लास मागून घेऊन आला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आणला, नजर सगळा वेळ ग्लासवर ठेवून.